नळकांड्यातली हवा

ती घटना आठवायला मला कागद काढावे लागत नाहीत. स्वयंपाकघरात गॅसची नळी जरा फुसफुसली की ती खाण आणि ठाण्याच्या अंगणातला तो हौद समोर येतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी भंडारा जिल्ह्यात फौजदार होते. फौजदार बाई म्हणजे तेव्हा नवलाची गोष्ट. मोर्चात बायका असल्या, कुणा बाईची झडती घ्यायची असली, की मला न्यायला जीप यायची. एरवी बहुतेक टेबलावरचीच कामं. या प्रकरणातही मला बोलावलं ते आरोपी बाई होती म्हणून. कुणाचंच नाव इथे लिहीत नाही, ठाण्याचंही नाही.

पाठीवर हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली उतरण्याचा शौक आपल्याकडे, समुद्रापासून इतक्या लांब, कुणाला असेल असं मला वाटलं नव्हतं. पण नागपुरात अशी दहा-बारा मंडळी होती. डॉक्टर, इंजिनियर, एक-दोन व्यापारी. त्यांना शिकवणारा एक माणूस किनाऱ्यावरून आला होता. बुडालेल्या बोटींवर काम केलेलं आहे असं सांगायचा. सगळे त्याला ‘सर’ म्हणत, मीही तेच म्हणते. पोहण्याच्या तलावात प्राथमिक शिक्षण झालं की सरांचे खास कोर्स सुरू व्हायचे. पाण्याखाली दिशा ओळखण्याचा वेगळा, फोटो काढण्याचा वेगळा, बुडालेली वस्तू शोधून वर आणण्याचा वेगळा, उपकरणं सांभाळण्याचा वेगळा. सगळ्यात मानाचा म्हणजे खोल पाण्याचा. प्रत्येक कोर्सला सर्टिफिकेट आणि अंगरख्यावर शिवायचा बिल्ला. खोल पाण्यासाठी सरांनी आमच्या जिल्ह्यातली एक बंद पडलेली खाण शोधली होती. खणायचं थांबल्यावर ती पाण्याने भरली होती. कडा सरळ, पाणी थंड, तळ कुणी पाहिलेला नाही. रविवारी दोन मोटारी यायच्या आणि गावातली माणसं काठावर बसून तमाशा पाहायची.

त्या रविवारी खोल पाण्याच्या कोर्सचा शेवटचा धडा होता. एक तरुण इंजिनियर आणि त्याची बायको जोडीने उतरले. बायको एकटी वर आली. मागोमाग सर उतरले आणि नवऱ्याला घेऊन वर आले, पण तोपर्यंत तो गेला होता.

गावच्या कोतवालाने वर्दी दिली. ठाणेदार, म्हणजे आमचे इन्स्पेक्टर, जागेवर गेले, आकस्मिक मृत्यू दाखल केला, पंचनामा केला. काळा रबरी पोशाख, काच, रबरी पाय, पाठीवरचं नळकांडं. नळकांड्याची चावी बंद. त्याला जोडलेल्या, हवा किती उरली ते दाखवणाऱ्या घड्याळात काटा शून्यावर. पंचांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “पाण्यात ही चावी आपोआप बंद होत नाही.” इतकंच म्हणाले. पुढचं त्यांनी ऐकणाऱ्यांवर सोडलं.

ते बोलणं मयताच्या वडिलांपर्यंत पोचलं. लाखांदूरकडचे धान पिकवणारे, पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवलेले. ते एस.टी.ने ठाण्यात आले ते धोतराला चिखल तसाच. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ठाणेदारांच्या टेबलापुढे.

“साहेब, माह्या पोराले तिनंच मारलं. पाठीमागची चावी त्याले सोताले बंद करता येते का? दोघंच तं होते खाली.”

“कायले मारन ती?” हवालदाराने विचारलं.

“कायले म्हंजे? रबराचे तंग कपडे घालून परक्या मरदाइच्या संगं पाण्यात उतरते, ते काय नाई करन? चार वर्साची पोरगी घरी ठेवून येते जी ती. अशी माय पायली का तुमी?”

दुसऱ्याच दिवशी एक टीप आली. ठाण्याचा नेहमीचा खबऱ्या पानाच्या ठेल्यावर बसायचा. तो म्हणाला, बाईचं आणि सरांचं सूत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. गावाला काय माहीत होतं ते मी नंतर विचारलं. उत्तर एवढंच, की पोशाख चढवताना सर तिची पाठीमागची चेन ओढून द्यायचे. सर ती सगळ्यांचीच ओढून देत. पण टीप आली की ठाण्यात हुरूप येतो. खुनाचा गुन्हा दाखल झाला, बाईला अटक झाली, कोर्टाने पोलीस कोठडी दिली. मुलीला आजोबा गावी घेऊन गेले.

“बाई आहात,” ठाणेदार मला म्हणाले, “बाईला बोलतं करा. मारहाण नको, मोठ्या घरातली आहे. दोन दिवसांत कबुली पाहिजे.”

कोठडीत ती भिंतीला टेकून बसली होती. अंगावर कुणाची तरी मागून आणलेली सुती साडी. मी स्टूल ओढलं. रडणाऱ्या बाईला चौकशीत पाणी द्यायचं आणि थांबायचं, न रडणाऱ्या बाईला सरळ प्रश्न विचारायचा. ही रडत नव्हती.

“चावी तुम्ही बंद केली का?”

“नाही.”

“मग कुणी केली?”

“मला माहीत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा तोंडातून बुडबुडे येत होते. चावी बंद असेल तर बुडबुडे कुठून येतील?”

“एकटी वर का आलात?”

“माझं डोकं फुटत होतं. हवेला वास येत होता. तेलकट, धुरासारखा. वर असतानाच मी सरांना म्हटलं होतं, आजची हवा बरोबर नाही. ते सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, ‘वहिनींचा उपकरणांचा कोर्स काय झाला, त्या आता आम्हालाच शिकवतात!’ हे पण हसले.”

“खाली काय झालं?”

“मी डोक्याला हात लावून दाखवलं, वर जाऊ म्हणून खूण केली. त्यांनी मान हलवली. अजून थोडं खाली दोरीला पाटी बांधली होती. तिला हात लावला की कोर्स पुरा. मला म्हणाले, म्हणजे हातानेच, तू जा. मी गेले.”

“जोडीदाराला सोडायचं नाही, हा तुमचा पहिला नियम ना?”

“हो.” मग ती म्हणाली, “मॅडम, त्याची शिक्षा द्या. पण मी मारलं असं म्हणू नका. माझी मुलगी त्यांच्याकडे आहे. ते तिला रोज हेच सांगत असतील.”

मी ठाणेदारांना सांगितलं की बाई खोटं बोलत नाही. ते म्हणाले, “तुम्हाला कसं कळलं?” मी म्हटलं, “खोटं बोलणारी नियम मोडल्याचं आधी कबूल करत नाही.” ते म्हणाले, “हे कोर्टात सांगा आणि पहा.”

बरोबरच होतं ते. कोर्टाला वाटणं चालत नाही. तिच्या बोलण्यावरून हा खून नाही हे मला पटलं होतं, पण चावी बंद होती हेही खरंच होतं. पाण्यात तिच्याशिवाय कुणी नाही. वर आल्यावर प्रेताजवळ पहिले फक्त सर. त्यांचा जबाब मी पुन्हा घेतला. उंच, उन्हाने रापलेला, बोलायला गोड माणूस. समोर बाई अधिकारी आहे हे पाहून त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

“मी नळकांड्याला हातही लावला नाही, मॅडम. पट्टे सोडले, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. तेवढंच सुचलं. चावी बंद होती हे मला पंचांनीच दाखवलं.”

“तुमच्या मते कुणी बंद केली?”

“त्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. माझ्या तोंडून कसं काढता?” असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. हे त्यांनी फार छान केलं. लिहून घेणाऱ्या जमादाराचेसुद्धा डोळे ओले झाले.

जाताना ते म्हणाले, “ते नळकांडं लवकर परत मिळालं तर बरं. आतून गंजतं.” त्यानंतर दोनदा फोन करून त्यांनी तेच विचारलं. मुद्देमाल परत मागणारे लोक मी खूप पाहिले आहेत. सायकल, बैल, दागिने. पण शिष्य मेला त्या आठवड्यात रिकाम्या नळकांड्याच्या गंजाची काळजी करणारा माणूस मला खटकला.

आता हौदाची गोष्ट. मी त्या बाईला घेऊन कोठडी वाढवून घ्यायला कोर्टात गेले होते. भर दुपारी परत आले तर ठाण्याच्या अंगणात ही गर्दी. खोखो हसणं चाललंय. जीपचा ड्रायव्हर, दोन शिपाई, जमादार, तक्रार घेऊन आलेली माणसंसुद्धा. मधे घोड्याला पाणी पाजायचा जुना दगडी हौद, आणि त्यात मान खुपसून आमचा एक धिप्पाड हवालदार ओणवा झालेला. शेजारी मुद्देमालाचं नळकांडं, रबरी नळी त्याच्या तोंडात, पाण्यावर बुडबुडे.

“पाणबुड्या झाला बे हा!”

“आता याले बी बिल्ला द्या!”

“मरन ना बे! काढ त्याले बाहीर.”

“राहू दे, त्याची शर्त लागली हाये. वीस पानं मोजाची हायेत.” जमादार खरोखरच रोजनाम्याची पानं मोजत उलटत होता.

मला पाहून सगळे उभे राहिले. हवालदाराने मान वर काढली. पाणी निथळतंय, चेहरा लालबुंद, डोळे तारवटलेले. सलाम करायला हात उचलला आणि तिथेच भडाभडा ओकला. मग डोकं धरून खाली बसला.

“हे नळकांडं रिकामं होतं ना?” मी जमादाराला विचारलं.

“आम्हाले बी तसंच वाटलं बाईसाहेब. मुद्देमाल खोलीत धूळ झटकता झटकता याची चावी फिरली, तं फुस्स! चिक्कार हवा. मग काय, कालपासून चालू हाये. टाइपरायटर साफ केला, वायरलेस साफ केला, ड्रायव्हरनं कार्बोरेटर फुंकून घेतला. मोठे साहेब बी पाहून हासले.”

मी चावी पुरी उघडी करून पाहिली. नळीतून एक बारीक सुस्कारा आला आणि थांबला. आता ते खरोखर रिकामं होतं.

ओकलेल्या हवालदाराला शिपाई सांगू लागले की मेलेल्याचा श्वास प्यायलास, आता उतारा टाक. जमादार म्हणाला, सकाळची मच्छी बाधली असेल. मी त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, “वास कसा होता?”

“धुराचा जी, बाईसाहेब. इंजिनाच्या मागं उभं राह्यल्यासारका. डोस्कं फाटून राह्यलं.”

तिथल्या तिथे दोन गोष्टी कळल्या. नळकांड्यात भरपूर हवा होती, म्हणजे नवरा हवा संपून मेला नाही. आणि ती हवा विषारी होती, म्हणजे तो कशाने मेला तेही जवळजवळ कळलं. शवविच्छेदनात बुडून मृत्यू असं आलं होतं. पण मयताच्या आईने रडताना म्हटलेलं एक वाक्य मी ऐकलं होतं, की माझ्या पोराचे गाल गुलाबी होते, झोपल्यासारखा दिसत होता. मी डॉक्टरांना जाऊन भेटले. इंजिनाच्या धुरातल्या वायूने माणूस मेला तर रंग असाच दिसतो, असं ते म्हणाले. मग म्हणाले, “पण मला तुमच्याकडून बुडालेला माणूस म्हणून प्रेत आलं. पाण्यातून काढलेल्या माणसाच्या रक्तात धूर कोण शोधतो?” रक्त राखून ठेवलेलं नव्हतं आणि प्रेत जळून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक शिपाई घेऊन खाणीवर गेले. खाणीच्या काठापासून थोडं आत जुनं इंजिनघर आहे. दगडी भिंती, पक्कं छप्पर, दार एकच. आत सिमेंटचा पाया आणि त्यात गाडलेले बोल्ट. जमिनीवर डिझेलचे ताजे डाग. शेजारच्या शेतकऱ्याचं पाणी उपसायचं इंजिन सरांनी भाड्याने आणलं होतं. तो शेतकरी न घाबरता सगळं बोलला, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

“त्याइची हवा भरायची मशीन नागपुरात बिजलीवर चालते म्हणे. तिची मोटर जळली होती. तं मशीन इथं आणली अन् माह्या इंजिनाले पट्टा लावला. पट्टा म्हटलं का दोन्ही मशीना पक्क्या पायाशिवाय राहत नाई. म्हणून आत ठेवल्या.”

“आणि धूर?”

“धूर तं आतच! मले खोकला येऊन राह्यला, म्हणून मी बाहीर येऊन बिडी पेटवली. सराले म्हटलं, सायेब, नळी बाहीर काढू का? ते म्हणे, कायले, अर्ध्या घंट्याचं तं काम हाये.”

सरांचं स्वतःचं नळकांडं नागपुरातच आधी भरलेलं होतं. त्यांना खाली उतरून काही झालं नाही ते म्हणून.

राहिली चावी. त्या दिवशी काठावर कोण कोण होतं याची यादी ठाण्यात होती, सगळे पुरुष. मी सोबतच्या शिपायाला विचारलं, “पंचनाम्याच्या वेळी तुम्ही हाकललं कुणाला?” जागा मोकळी करताना पोलीस ज्याला हुसकावतात, तो लांब जाऊन उभा राहतो आणि तिथून सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पाहतो. शिपाई आठवून म्हणाला, “एक शेळ्यावाली बुढी होती. लय कचकच करत होती.”

शेळ्यावाली तिथेच होती, पळसाच्या सावलीत. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, “तू पोलीस होय का वं बाई? टोपी बी देते का बायाइले सरकार?”

“देतं. त्या दिवशी तुम्ही कुठे होता?”

“याच गोट्यावर. या तुझ्या शिपायानं मले हाकललं. ‘बुढे, सरक!’ म्हणे. खाण का त्याच्या बापाची होय?” शिपाई दुसरीकडे पाहू लागला.

“त्या माणसाला पाण्यातून काढलं तेव्हा पाहिलं?”

“पाह्यलं ना. त्या लंब्या मास्तरानं वढून आणला. गड्याच्या तोंडातली नळी खाली चिखलात पडली न् अशी फुसफुस करे, का माह्या शेळ्या बिचकल्या. मले वाटलं साप होय. मंग मास्तरानं त्याच्या मानेमागं हात घातला, असा,” तिने हवेत मूठ फिरवली, “न् चूप झाली.”

“नक्की मास्तरनेच?”

“मंग का मी घातला? मले तं तुमी जवळ बी येऊ देल्लं नाई.”

नळी फुसफुसत होती म्हणजे चावी उघडी होती. ती काठावर बंद झाली, आणि ती सरांनी केली. नळीतली उरलेली हवा निघून गेली, म्हणून काटा शून्यावर आला. पण एका शेळ्यावाल्या बाईच्या तोंडावर ठाणेदार उडवून लावतील, आणि सर तर मऊ आवाजात हसतील, हे मला दिसत होतं. मी कोठडीत जाऊन त्या बाईला विचारलं, “पाण्याबाहेर आल्यावर तुम्ही पहिलं काय करता?”

ती शाळेतल्या मुलीसारखी एका दमात म्हणाली, “आधी चावी, मग पट्टे, मग बाकी.” तिच्या लक्षात आलं होतं. “उपकरणांच्या कोर्सचा पहिला धडा. शंभर वेळा करून घेतात सर. झोपेतसुद्धा हात तिकडे गेला पाहिजे म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी सरांना बोलावलं. नळकांडं परत द्यायचं आहे, असा निरोप धाडला. ते खुशीत आले. मी दोन पंच बसवले, ठाणेदारांना विनंती करून बाहेर बसवलं. टेबलावर नळकांडं ठेवलं होतं, त्याला सगळ्या नळ्या जोडलेल्या आणि चावी पूर्ण उघडी. ती उघडी आहे हे पंचांना आधीच फिरवून दाखवलं होतं.

“एवढं सुटं करून द्या,” मी म्हटलं. “आमच्या माणसांना जमत नाही. भाग वेगवेगळे लिहायचे आहेत.”

“जमणार कसं?” ते हसले, बाह्या सारल्या. उजवा हात सरळ चावीवर गेला, मूठ फिरली, चावी बंद झाली. मग त्यांनी नळीचा स्क्रू धरला.

“थांबा. आत्ता काय केलंत?”

“सुटं करतोय.”

“त्याच्या आधी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पंचांकडे, मग स्वतःच्या हाताकडे. हात अजून नळकांड्यावरच होता. तो काढून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

“रिकाम्या नळकांड्याची चावी कशाला बंद केलीत?”

“सवय आहे, मॅडम.”

“खाणीच्या काठावरही सवयच होती ना? नळी फुसफुसत होती, शेळ्या बिचकल्या, तुम्ही हात मागे घातला. आधी चावी, मग पट्टे.”

आवाजातला मऊपणा गेला होता. ते म्हणाले, “मुद्दाम नाही केलं. हात गेला. ती बंद झाली हे मला पंचनाम्याच्या वेळीच कळलं.”

“तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही विचारलं असतं, हवा होती तर माणूस मेला कसा.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. हात गेला ती सवय. त्यानंतर एक बाई खुनाच्या आरोपाखाली कोठडीत बसली आहे हे पाहत राहणं, याचा कोर्स त्यांना कुणी दिला नव्हता. ते त्यांचं स्वतःचं होतं.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, बाई सुटली, मास्तर आत गेला. तसं झालं नाही.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम सरांवर लावायचा प्रस्ताव मी तयार केला. सरकारी वकिलांनी वाचून एकच प्रश्न विचारला, “हवा कुठे आहे?” मी सांगितलं. ते आधी हसले, मग माझा चेहरा पाहून थांबले. “म्हणजे पुरावा टाइपरायटरवर फुंकला?” नळकांडं सीलबंद करून प्रयोगशाळेत गेलं असतं तर त्या एका अहवालावर सगळं उभं राहिलं असतं. रक्त नाही, हवा नाही. बाईचं नळकांडं तर जप्तच झालं नव्हतं, ते सर त्याच दिवशी घेऊन गेले होते. हवालदाराची ओकारी पुरावा म्हणून द्यायची तर ठाण्यात मुद्देमालावर शर्ती लागत होत्या हे कोर्टात सांगावं लागणार. ठाणेदारांनी मला बोलावून सांगितलं, “बाई, हौदाची गोष्ट कागदावर येता कामा नये. माझी बढती आहे, त्याची नोकरी आहे.” मी ती माझ्या अहवालात लिहिली. वर गेलेल्या अहवालात ती नव्हती. सर पुढच्या जबाबात सगळ्यावरून फिरले. पंचांपैकी एकाला चावी आधी उघडी होती का बंद, हे आठवेनासं झालं.

बाईवर पुरावा नाही म्हणून तिला सोडलं. पण गुन्हा खोटा होता असं लिहायचं तर खरं काय घडलं तेही लिहावं लागतं, आणि त्यात हौद येतो. म्हणून वरिष्ठांनी ‘क’ समरी मागितली. पोलिसांच्या भाषेत त्याचा अर्थ, तक्रार खरीही नाही आणि खोटीही नाही. कोर्टाने ती मंजूर केली.

तिला नक्कल मीच दिली. तिने दोनदा वाचली.

“यात मी केलं नाही असं कुठे लिहिलंय?”

“तसं लिहीत नाहीत.”

“मग मी सासऱ्यांना काय दाखवू?”

तिने तोच कागद दाखवला. सासऱ्यांनी गावातल्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घेतला आणि ठाण्यात येऊन मला म्हणाले, “नाई खरं, नाई खोटं, म्हंजे अर्धं तं खरं हाये ना जी? अर्धं मारलं तरी माहा पोरगा मेलाच ना.” मुलगी त्यांनी दिली नाही. बाई कोर्टात गेली. तिथे सासऱ्यांच्या वकिलाने हाच कागद पुढे केला आणि ताबा आजोबांकडेच राहिला. काही वर्षं ती रविवारी एस.टी.ने लाखांदूरला जायची, अंगणात बसून यायची. नंतर मुलगीच आतून बाहेर येईना. मग तिने जाणं सोडलं.

सरांना मी आणखी एकदा पाहिलं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे नदीवर पूर-बचावाचं प्रशिक्षण होतं, मी बंदोबस्ताला. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ बोलावले होते, ते हेच. छातीवर बिल्ल्यांची रांग वाढली होती. पाण्यातून बाहेर आले, आधी चावी, मग पट्टे. आमचे जवान टाळ्या वाजवत होते. मी वरिष्ठांना तोंडी सांगितलं, लेखीही दिलं. उत्तर आलं, सदर व्यक्तीविरुद्ध अभिलेखावर काहीही नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचारतात. मुद्देमाल दिसतो तेवढाच नसतो, हे शिकवलं. त्यानंतर नोकरी असेपर्यंत मी रिकामी बाटलीसुद्धा बूच लावून, लाख लावून ठेवली. “बाईसाहेब हवेले बी सील करते,” असं माझ्या पाठीमागे म्हणत. म्हणू देत. आणि दुसरं असं, की गुन्हा करणारा जेवढं नुकसान करतो, त्याहून जास्त नुकसान नंतर आपली आपली अडचण टाळणारी चार साधी माणसं करतात. त्यांच्यातलं कुणीही वाईट नव्हतं. हवालदार तर देवमाणूस होता.

मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारा आणि एक मुलगी माझा पत्ता शोधत घरी आले. म्हाताऱ्याला मी आवाजावरून ओळखलं. मुलगी उंच, बापावर गेलेली असावी. चहा झाल्यावर म्हातारा मुद्द्यावर आला.

“साकोलीचा पोरगा पाह्यला हिच्यासाठी. चांगलं घर हाये. पण त्याइले कुठून तं कळलं, का हिच्या मायनं असं असं केलं. मोडून राह्यले ते. तुमी एक सर्टिफिकेट देऊन टाका ना, बाईसाहेब. का मायनं काई केलं नोतं म्हणून.”

“तुम्हीच तर तक्रार दिली होती.”

“तवाची गोष्ट तवा झाली जी.” मग तो चाचरत म्हणाला, “तिनं... मारलं नोतं ना?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने मला पहिल्यांदा विचारला.

“नाही,” मी म्हटलं. “चावी मास्तरने काठावर बंद केली. हवेत धूर होता. तिने आधी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही.”

“मंग तसं लिहून द्या ना.”

“ते देता येत नाही. माझ्या हातात आता काही नाही. तेव्हाही नव्हतं.”

म्हातारा चप्पल शोधू लागला. मुलगी उठली नाही.

“आई कुठं राहते?” तिने विचारलं.

नागपूरचा पत्ता माझ्याकडे होता. मी तो एका चिठोऱ्यावर लिहून दिला. तिने घडी करून मुठीत धरला, आजोबांना दिला नाही. ती गेली की नाही, मी विचारलं नाही. त्या सगळ्या प्रकरणात मी बरेच कागद लिहिले. कुणाच्या उपयोगी पडला असला तर तो एवढाच.